लांबलेले युद्ध आणि नगरचा मुलूख

डिसेंबर 1595 मध्ये अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. 1707 च्या आरंभी त्याच किल्ल्याजवळ, भिंगारच्या छावणीत, अकबराचा पणतू औरंगजेब मरण पावला. मधली 111 वर्षे दख्खन जिंकण्यापायी चार बादशहा झिजले. या उद्योगाचे पहिले आणि शेवटचे पान आजच्या अहिल्यानगर शहराच्या शिवारातच उलगडावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण या मुलखाचे त्या काळात जे झाले ते योगायोगाने झाले नाही. निजामशाही बुडाली, मग आदिलशाही आणि कुतुबशाही बुडाल्या, स्वराज्य उभे राहिले आणि मोगलांचे कंबरडे मोडले, ही हकीकत शाळकरी मुलालाही पाठ असते. त्या हकिकतीत राजे आहेत, किल्ले आहेत, तह आहेत. एवढ्या काळात चार-पाच पिढ्या जन्मल्या, पेरत्या झाल्या आणि मेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना निर्वेध अशी सलग दहा-वीस वर्षे क्वचितच लाभली, ही गोष्ट तिच्यात येत नाही. युद्ध दोन-चार हंगामांत आटोपले तर समाज ते सोसतो आणि आपल्या जुन्या वळणावर परत येतो. ते पिढ्यान्‌पिढ्या चालले तर परतायला जुने वळणच उरत नाही. लोक युद्धावर जगायला शिकतात, त्याच्या हिशेबाने जमीन, घोडा, सोयरीक आणि हक्क यांची मांडणी करतात, आणि युद्ध संपले तरी ती मांडणी मोडत नाही. नगरच्या मुलखाचा दाखला असे सांगतो की अशा युद्धातून राज्यापेक्षा घराणी अधिक पक्की होतात. आणि त्या काळाचे साहित्यही आपण अपेक्षा करतो तसे नसते.

आधी आक्षेप घेतला जाईल तो अखंडतेबद्दल. 111 वर्षे एक युद्ध चालले असे म्हणणे ओढूनताणून आणलेले नाही काय? 1636 मध्ये निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशाही यांनी वाटून घेतला, आणि 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नर आणि अहमदनगरच्या पेठांवर छापे घालीपर्यंत वीसेक वर्षे मोठी लढाई या भागात झाली नाही, हे खरे आहे. पण त्या वीस वर्षांचे चित्र मोगलांच्याच कागदांत काय दिसते? 1653 साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा ओसाड गावे, पळालेली रयत आणि न येणारा वसूल हीच त्याची डोकेदुखी होती. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याला बैल आणि बियाणे यांसाठी तगाई द्यावी लागली, जिथे पाटील उरला नव्हता तिथे नवा नेमावा लागला. तलवारी म्यान होऊन सतरा वर्षे झाल्यावरची ही अवस्था आहे. लढाईचा गाजावाजा थांबला म्हणून युद्धाचे परिणाम थांबत नाहीत. आणि ते विरायच्या आत पुढची फेरी सुरू झाली, तर शेतकऱ्याच्या लेखी दोन युद्धे नसतात, एकच असते.

आता ते युद्ध कसे होते हे पाहिले पाहिजे, कारण त्याच्या स्वरूपातच पुढचे सारे दडलेले आहे. 1595 मध्ये इब्राहिम निजामशहा आदिलशाही फौजेशी लढताना पडला आणि गादीच्या भांडणात दरबारातल्या मियाँ मंजूने मोगलांना बोलावणे धाडले. निजामशाही घराण्यातल्या चाँदबिबीने किल्ला लढवला, 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. 1600 मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारले आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. बाल बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. कुठल्याही नेहमीच्या हिशेबाने राज्य इथे संपायला हवे होते. ते आणखी 36 वर्षे चालले. मलिक अंबर या हबशी सरदाराने घराण्यातला एक वंशज परांड्याला गादीवर बसवला. मग राजधानी जुन्नरला गेली, दौलताबादला गेली, शेजारी खडकी नावाचे नवे शहर उभे राहिले, तेच पुढे औरंगाबाद झाले. अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून अंबरकडे, अंबरकडून पुन्हा मोगलांकडे असा फिरत राहिला. ज्या शहराच्या नावाने राज्य ओळखले जाई ते शहर राज्याबाहेर होते, आणि तरी राज्य होते. हे कशाच्या बळावर? तट, तोफखाना, खजिना यांपैकी काहीही सलग अंबरच्या हाती नव्हते. हाती होते ते गावोगावचे हलके घोडदळ आणि ते पोसणारे देशमुख-पाटील. राज्याचा खरा पाया किल्ल्यातून गावात उतरला तो इथे.

अंबरची लढाईची रीत मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. समोरासमोर न भिडता रसद तोडायची, वैरण जाळायची, पाणी अडवायचे, शत्रूला दमवायचे. 1624 मध्ये नगरपासून काही कोसांवर भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा त्याने जो धुव्वा उडवला त्यात तलावाचे पाणी सोडून वाटा चिखलात बुडवल्याची हकीकत आहे. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी या लढाईत पडले. त्यांची समाधी तिथेच, आजच्या भातोडी पारगावला आहे. या रीतीचे कौतुक करताना तिची किंमत कोणी मोजली हे आपण विसरतो. नगर जिल्ह्याचा मोठा भाग, विशेषतः सीना आणि भीमेच्या खोऱ्यांतली काळी जमीन, रब्बीची आहे. ज्वारी आश्विन-कार्तिकात पेरायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. मोहिमेचा हंगाम नेमका हाच. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीत शिरत. मुरादचा वेढा डिसेंबर ते फेब्रुवारी असा, म्हणजे कणसात दाणा भरण्याच्या दिवसांत चालला. भातवडीची लढाई पेरणीच्या सुमारास झाली. कोकणात किंवा मावळात भात काढून झाल्यावर फौज आली तर निदान घरात धान्य असे. इथे फौज यायची तेव्हा सारे वर्ष शेतात उभे असायचे. घोड्याला कडबा लागतो आणि माणसाला ज्वारी. शत्रूची वैरण जाळायची म्हणजे प्रत्यक्षात कोणाच्या तरी शेतातला कडबा जाळायचा असतो.

अशा मुलखात शहाणा कुणबी काय करील? एक तर गाव सोडील. त्या काळच्या वतनाच्या कागदांत गाव परागंदा झाल्याच्या, रान पडीक पडल्याच्या, 'धामधुमी'त सनद हरवल्याच्या तक्रारी पानोपानी येतात. नाही तर घरातला एक मुलगा घोड्यावर बसवील. सरकारी घोड्यावर बसला तो बारगीर, स्वतःचे घोडे घेऊन गेला तो शिलेदार. आणि घोडे पाळण्याइतकी ऐपत झाली की तो शेतकरी उरत नसे, छोटासा व्यापारीच होई, फक्त त्याचा माल तलवार असे. तीन-चार धनी एकाच वेळी गिऱ्हाईक म्हणून उभे असल्यामुळे या मालाला भाव होता. लुटले जाण्यापेक्षा लुटणाऱ्यांत सामील होणे बरे, हा हिशेब निष्ठुर वाटेल, पण ज्याचे पीक तीन वर्षांत दोनदा घोड्यांनी खाल्ले त्याला तो शिकवावा लागत नव्हता. शेतीतून माणूस सुटला, फौजेत शिरला, फौजा वाढल्या, म्हणून आणखी शेते उजाड झाली, आणखी माणसे सुटली. युद्धाने स्वतःसाठी लागणारे मनुष्यबळ असे स्वतःच पैदा केले. शंभर वर्षे ते का टिकले याचे उत्तर बादशहांच्या महत्त्वाकांक्षेत जितके आहे तितकेच या चक्रात आहे.

मोठ्या घराण्यांचा हिशेबही याच जातीचा होता. लखुजी जाधवराव निजामशाहीतून मोगलांकडे गेले, परत आले, आणि 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात मुलांसह मारले गेले. त्यांचे जावई शहाजीराजे त्यानंतर मोगलांकडे गेले, 1632 च्या सुमारास परतले, आणि दौलताबादही पडल्यावर संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातले एक मूल गादीवर बसवून त्यांनी राज्य चालवून दाखवले. 1636 च्या माहुलीच्या तहात ते मूल मोगलांच्या हवाली करावे लागले आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. आजच्या राष्ट्रनिष्ठेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ही सारी फितुरी दिसते, आणि मग कोणाची फितुरी क्षम्य, कोणाची अक्षम्य असा निरर्थक वाद सुरू होतो. ज्या काळात धनीच टिकत नव्हते त्या काळात निष्ठा धन्याशी कशी टिकणार? ती घराण्याशी आणि वतनाशी टिकली. एक भाऊ इकडे, एक तिकडे अशी वाटणी कित्येक घराण्यांत दिसते. कोणीही जिंकले तरी वतन घरात राहावे ही त्यामागची सोय. पेमगिरीचा प्रयोग मला फार बोलका वाटतो. मोडलेल्या राज्याचा सरदार दुसऱ्याच्या नावाने का होईना, पण राज्य चालवू शकतो, हे चाळीस वर्षांच्या युद्धाने सिद्ध केले होते. आता फक्त दुसऱ्याचे नाव गळून पडायचे बाकी होते.

इथे कोणी जाणकार थांबवून म्हणेल की वतन ही संस्था युद्धाहून जुनी आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी बहमनी काळात होते आणि त्याआधीही कोणत्या ना कोणत्या नावाने होतेच. मान्य. पण संस्था जुनी असणे वेगळे आणि ती कोणाच्या आधाराने उभी आहे हे वेगळे. सुलतान बळकट असताना वतनदार त्याच्या सनदेने वतनदार असे. दोन किंवा तीन सरकारे एकाच परगण्यावर हक्क सांगू लागली की प्रत्येकाला वसूल करून देणारा स्थानिक माणूस लागतो, आणि तो माणूस प्रत्येकाकडून वेगळी सनद मिळवतो. पळालेली रयत परत आणायची तर सरकारने कौल द्यायचा, पडीक जमिनीला पहिली काही वर्षे हलका आणि मग चढत जाणारा इस्तावा बांधून द्यायचा. पण त्या कौलावर विश्वास कोण ठेवणार, जोवर गावचा देशमुख मध्ये पडत नाही? राजे बदलले, कौलावर मध्यस्थ म्हणून उभा राहणारा तोच राहिला. नगर जिल्ह्यात गावोगाव मातीच्या बुरुजांच्या गढ्या अजून ढासळत उभ्या आहेत. गढी म्हणजे राज्य आपले रक्षण करील यावरचा विश्वास उडाल्याची साक्ष आहे. आणि ज्याच्या गढीत धामधुमीच्या वेळी गाव आसरा घेते, त्याच्यापुढे गाव शांततेतही मान तुकवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नगर हा अवर्षणाचा प्रदेश. गावे ओस पडली, माणसे देशोधडीला लागली, ती दुष्काळाने. युद्धाला नाहक जबाबदार धरले जाते. 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ याला पुरावा म्हणून पुढे करता येईल. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेच त्याचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे. पण त्याच काळात शाहजहान खुद्द बुऱ्हाणपूरला तळ देऊन बसला होता आणि त्याच्या फौजा निजामशाही मुलखात बंडखोर सरदार खान जहान लोदीच्या मागावर फिरत होत्या. पाऊस पडला नाही हे अस्मानी. पण होते नव्हते ते धान्य लष्करी बाजारात गेले, बंजाऱ्यांचे तांडे फौजांच्या मागे गेले, हे सुलतानी. मराठीने हे दोन शब्द एकत्र जोडून ठेवले ते उगीच नाही. या युद्धाच्या आधीचा दुर्गादेवीचा दुष्काळ याहून मोठा मानला जातो, पण त्यातून घोडेस्वारांचे समाज निर्माण झाल्याचे कोणी सांगत नाही. दुष्काळाने माणूस घराबाहेर पडतो. बाहेर पडलेल्याला रोजगार म्हणून तलवार मिळते ती युद्ध चालू असेल तरच. दोन्ही कारणे गुंतलेली आहेत, पण समाजाला वळण दिले ते युद्धाने.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून तो टाळून चालणार नाही. स्वराज्य हे युद्धाच्या परिस्थितीने घडवले असे म्हटले तर शिवाजी महाराजांचे कर्तृत्व उणे होत नाही काय? माझ्या मते उलट आहे. परिस्थिती कोणत्या दिशेला ओढत होती हे कळल्याशिवाय महाराजांनी कशाच्या विरुद्ध जोर लावला हे कळत नाही. सभासदाची बखर वाचा. देशमुख-पाटलांच्या गढ्या, हुडे पाडले. त्यांचे हक्क नेमून दिले. लष्कराला जहागिरीऐवजी खजिन्यातून रोख वेतन. फौजेने रयतेला उपसर्ग द्यायचा नाही. ही यादी म्हणजे लांबलेल्या युद्धाने जे जे बळकट केले होते ते मोडण्याचा आराखडा आहे. जपानमध्येही शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतर्गत युद्धानंतर हिदेयोशीने 1588 मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला, लढवय्यांना गावापासून तोडले, आणि पुढे तोकुगावांच्या राज्यात अडीचशे वर्षे शांतता नांदली. गढ्या पाडणारा हात त्याच जातीचा होता. फरक एवढाच की जपानमध्ये त्यानंतर युद्ध थांबले. इथे महाराज 1680 मध्ये गेले आणि 1682 मध्ये औरंगजेब स्वतः सारे साम्राज्य घेऊन दख्खनमध्ये येऊन ठाकला.

त्या शेवटच्या पंचवीस वर्षांनी काय केले ते निर्विकारपणे पाहिले पाहिजे. नगर हे मोगलांचे मोठे ठाणे होते. भीमेकाठच्या पेडगावला, श्रीगोंद्याच्या दक्षिणेला, बहादूरखानाने उभारलेल्या बहादूरगडाच्या छावणीत 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैद करून आणले गेले. त्यांच्या वधानंतर त्यांचे भाऊ राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. खजिना नाही, राजधानी वेढ्यात, मुलूख शत्रूच्या पायाखाली. अशा स्थितीत लढाई चालू ठेवायची तर सरदाराला म्हणावे लागते की जो मुलूख सोडवशील तो तुझा. वतने, इनामे, सरंजाम यांच्या सनदा जिंजीहून सुटू लागल्या. मोगलही त्याच माणसांना मनसबी देऊ करीत होते, तेव्हा बोली चढतच गेली. या उपायाने युद्ध हातचे गेले नाही, हे निर्विवाद. पण शिवाजी महाराजांनी मोडलेली व्यवस्था त्याच उपायाने परत आली, आणि यावेळी ती राज्याच्याच शिक्क्याने आली. मराठी इतिहासातला एक विलक्षण प्रसंग असा की सभासदाने शिवकाळाच्या त्या कडक बंदोबस्ताची आठवण लिहून काढली ती जिंजीतच, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे तो बंदोबस्त ज्या ठिकाणाहून सुटत होता तिथेच. पुढे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य वतनदारांना छोटे छोटे राजेच समजून त्यांना मुठीत ठेवण्याचा सल्ला देतात. अमात्यांनी हे सारे युद्ध आतून पाहिले होते. त्यांचा तो सल्ला उशिराचा होता, आणि तो उशिराचा आहे हे त्यांना ठाऊक असावे असे त्या प्रकरणाच्या सुरावरून वाटते.

युरोपच्या इतिहासावरून चार्ल्स टिली या अभ्यासकाने असा सिद्धांत मांडला की युद्धे राज्ये घडवतात: लढायला पैसा लागतो, पैशासाठी कर लागतो, करासाठी नोकरशाही लागते, आणि अशा रीतीने राज्य बळकट होते. या सिद्धांताचा आपल्याकडे फार सहज स्वीकार होतो. मलिक अंबर लढत होता त्याच काळात, 1618 ते 1648, जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालले होते. तिथेही वालेनस्टाइनसारखे सरदार स्वतःच्या खर्चाने फौजा उभारून राजांना भाड्याने देत होते आणि गावे उजाड होत होती. तिथे तहानंतर लहानमोठ्या राजांनी हळूहळू त्या फौजा स्वतःच्या खजिन्यावर घेतल्या, म्हणून टिलीचा सिद्धांत तिथे लागू पडतो. इथे 1707 नंतर फौजा राज्याच्या खजिन्यावर आल्या नाहीत, राज्याचा खजिना फौजांच्या मालकांकडे गेला. 1719 मध्ये बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, आणि तिच्या वसुलाची वाटणी सरदारांत झाली. नगरचा किल्ला 1759 पर्यंत पेशव्यांच्या हाती आला नव्हता. म्हणजे अर्धशतक या जिल्ह्यात एकाच शेतावर मोगलाईचा वसूल वेगळा आणि मराठ्यांचा अंमल वेगळा होता. याला दुअंमली म्हणत. युद्धापासून राज्य होते की घराणी, हे युद्धाच्या लांबीवर आणि ते कसे संपते यावर ठरते. आपले युद्ध कोणी जिंकून संपले नाही, लढणारा बादशहा म्हातारा होऊन मेला म्हणून थांबले.

साहित्याकडे वळताना आपली पहिली अपेक्षा अशी असते की एवढ्या युद्धाने युद्धकाव्याचा पूर आला असेल. फारसीत इतिहास लिहिले गेले हे खरे. बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयाने सय्यद अली तबातबाने 'बुऱ्हान-ए-मआसिर' लिहिला आणि तो मुरादच्या वेढ्यापाशी येऊन थांबतो. इतिहासकार फिरिश्ता त्याआधीच, 1589 मध्ये, नगरच्या दंगलीतून जीव वाचवून विजापूरला गेला होता. पण मराठीत त्या पहिल्या चाळीस वर्षांची, म्हणजे वेढ्याची, चाँदबिबीची, भातवडीची, समकालीन कथा आज आपल्या हाती नाही. जे हाती आहे ते वेगळ्याच जातीचे आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांना शहाजीराजांच्या वडिलांनी, मालोजीराजांनी, तिथे मठ बांधून दिला अशी परंपरा आहे, त्यांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर 'योगसंग्राम' लिहिला. नावात संग्राम आहे, पण लढाई माणसाच्या आतल्या शत्रूंशी आहे. तुकोबांचे पाईकाचे अभंग घ्या: पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, आणि त्याचे इमान, त्याची जिवावर उदार होण्याची वृत्ती भक्ताला लावलेली. एकनाथांच्या भारुडांत तर सरकारी अर्जदास्त, म्हणजे विनंतीपत्र, जिवाच्या दरबारी कारभाराचे सोंग घेऊन येते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते, ही भाषा त्यांना ऐकीव नव्हती. युद्ध या साहित्यात विषय म्हणून नाही, शब्दसंपत्ती म्हणून आहे. अपवाद म्हणजे समर्थ रामदासांची 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' ही प्रकरणे. पण तीही उजाड मुलखाची आहेत, एखाद्या विजयाची नाहीत.

याचा अर्थ संत भोवतालच्या वास्तवाकडे पाठ फिरवून बसले होते, असा जुना आरोप आहे. मला तो पटत नाही. चालू असलेल्या लांब युद्धाची गोष्ट सांगता येत नाही, कारण गोष्टीला शेवट लागतो आणि आपले म्हणावे असा पक्ष लागतो. नगरच्या कुणब्याने मोगल, निजामशाही, आदिलशाही यांपैकी कोणता पक्ष आपला म्हणावा? पक्ष मिळाला तेव्हा गोष्ट आली. भातवडीच्या लढाईचे पहिले काव्यमय वर्णन शिवराज्याभिषेकाच्या सुमाराच्या 'शिवभारता'त येते, लढाईनंतर पन्नासेक वर्षांनी, संस्कृतात. आणि त्याचा कर्ता कवींद्र परमानंद नेवाशाचा, निधिवासकर म्हणवणारा. जिल्ह्यातली लढाई, जिल्ह्यातला कवी, पण मध्ये अर्धे शतक आणि एक नवे सिंहासन. जर्मनीतही ग्रिमेल्सहाउसेनची त्या युद्धावरची कादंबरी तहानंतर वीस वर्षांनी, 1668 मध्ये आली. ज्यांचा पक्षच उरला नाही त्यांची गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही. निजामशाहीची मराठी बखर नाही. चाँदबिबी लोकांच्या तोंडी राहिली आणि कागदाचा आधार नसल्याने ती दगडाला जाऊन चिकटली. नगरच्या पूर्वेच्या डोंगरावरची जी उंच इमारत सगळे चाँदबिबीचा महाल म्हणून दाखवतात ती वजीर सलाबतखानाची कबर आहे.

युद्धाच्या छायेत युद्धाबाहेरचीच गोष्ट सांगणाऱ्या साहित्याची खूण पुढेही सापडते. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती (1715 ते 1790) स्वतः गावचे कुलकर्णीपण सांभाळलेल्या घरातले. दुअंमली, खंडण्या, फौजांची ये-जा त्यांनी दारात पाहिली. 1761 मध्ये पानिपत झाले, त्याच वर्षी हैदराबादच्या निजामाच्या फौजेने जिल्ह्यातल्या टोके आणि प्रवरासंगमच्या देवळांची नासधूस केली, आणि 1762 मध्ये महिपतींचा 'भक्तिविजय' पूर्ण झाला. त्यात विजय आहे तो भक्तांचा. ज्या पिढीने सरदारांचे विजय आणि पराभव भरपूर पाहिले त्या पिढीचा सर्वांत लोकप्रिय चरित्रग्रंथ कुंभार, शिंपी, न्हावी, महार, दासी यांची चरित्रे सांगतो, आणि गावोगाव देवळात तोच वाचला जातो. राज्यकर्त्यांच्या बखरी दप्तरात राहिल्या. लांब युद्धाने मराठी समाजाला दोन प्रकारचे पराक्रमी दिले असे म्हणता येईल, एक घोड्यावरचा आणि एक ओवीतला, आणि सामान्य माणसाने आपला म्हणून कोणता निवडला हे पोथ्यांच्या झिजलेल्या पानांवरून दिसते.

1707 नंतर घोडे बाहेर वळले. माळवा, गुजरात, बुंदेलखंड, उत्तर हिंदुस्थान: घरच्या युद्धात तयार झालेली माणसे आता दुसऱ्यांच्या शेतांवर जगू लागली. जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची मुलगी अहिल्या होळकरांची सून होऊन माळव्याची राज्यकर्ती होते, हे त्या वाटेवरचे सर्वांत उजळ उदाहरण आहे. तिने लढायांतून आलेल्या दौलतीचे घाट आणि देवळे केली. सगळ्यांनी तसे केले नाही. 1795 मध्ये त्याच जामखेड तालुक्यात खर्ड्याला निजामाचा पराभव झाला तेव्हा दोन्ही फौजांत मराठा सरदार होते, आणि खर्ड्याचा किल्ला ज्या निंबाळकरांनी बांधला ते निजामाचे सरदार होते. मलिक अंबरच्या काळातल्या वाटणीत दोनशे वर्षांनी फारसा बदल नव्हता. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरची पेठ आणि किल्ला चार-पाच दिवसांत घेतला. 1818 मध्ये इंग्रजांचा अंमल बसला, शिलेदार घरी बसले, गढ्यांची माती ढासळू लागली. वतने मात्र इंग्रजांनीही मोडली नाहीत, कारण त्यांनाही वसूल करून देणारा माणूस हवाच होता. निजामशाहीपेक्षा, मोगलाईपेक्षा, स्वराज्य आणि पेशवाईपेक्षा ती जास्त टिकली. मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला 1950 मध्ये, आणि पाटीलकीची वतने महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1962 च्या कायद्याने गेली.